यादीत नाव आले, पुढे काय?

बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला ‘ड्राफ्ट’ हा शब्द एकाच अर्थाने परिचित असतो. गिऱ्हाईक खिडकीशी येते, रक्कम आधी भरते आणि मगच त्याच्या हाती तो कागद पडतो. ज्याच्या नावे काढला त्यालाच पैसे मिळणार, आणि पैसे आधीच जमा झालेले असल्यामुळे चेकसारखा तो न वटता परत येण्याची धास्ती नाही. नांदेड-लातूरकडच्या किती बापांनी पोरांच्या परीक्षेच्या अर्जासाठी, वसतिगृहाच्या भरण्यासाठी असे ड्राफ्ट काढले असतील, त्याची गणती नाही. या कागदाला मुदत असते. पूर्वी ती सहा महिन्यांची होती. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१२ पासून ती तीन महिन्यांवर आणली. मुदत टळली तरी हातपाय गाळायचे कारण नसते. रीतसर अर्ज करून तो पुन्हा वैध करून घेता येतो.

हाच शब्द २०२२ साली आपल्या खो-खोच्या मैदानावर उतरला आणि त्याचा अर्थ पार बदलला. ‘अल्टिमेट खो-खो’ ही व्यावसायिक लीग त्या वर्षी सुरू झाली. चेन्नई, गुजरात, मुंबई, ओडिशा, राजस्थान आणि तेलुगू असे सहा संघ. खेळाडूंसाठी लिलाव न करता ‘ड्राफ्ट’ करायचे ठरले. देशभरातील २४० खेळाडूंची नावे पुढे ठेवण्यात आली. त्यांचे चार गट पाडले गेले आणि प्रत्येक गटाची रक्कम आधीच ठरवली गेली : पाच लाख, तीन लाख, दीड लाख आणि एक लाख. संघांनी आळीपाळीने नावे उचलली. १४३ जण निवडले गेले, ९७ राहिले. पुण्याच्या बालेवाडीत १४ ऑगस्टला स्पर्धा सुरू झाली आणि ४ सप्टेंबरला संपली. अंतिम सामन्यात ओडिशाने तेलुगू संघाला ४६-४५ असे अवघ्या एका गुणाने हरवले. दूरचित्रवाणीवर खो-खो इतक्या झगमगाटात याआधी कोणी पाहिला नव्हता. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१४ साली ज्याच्या नियमांची पहिली घडी बसली, तो हा खेळ. शंभराहून अधिक वर्षे लाल मातीत खेळून झाल्यावर तो मॅटवर आला आणि त्याच्या खेळाडूला पहिल्यांदा भाव लागला.

आनंद व्हावा अशीच ही गोष्ट आहे. मला तो झाला, अजूनही आहे. पण कागद हाती आला की आधी त्याची मुदत बघायची आणि मग रक्कम, ही बँकेने लावलेली सवय जात नाही. बावीस दिवसांच्या स्पर्धेसाठी निवडला गेलेला मुलगा तेविसाव्या दिवशी काय करतो, हा प्रश्न त्या सवयीतून आला आहे.

लिलाव आणि यादी

ड्राफ्ट म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. लिलावाचा प्रकार आपल्याला माहीत आहे. लातूरच्या अडत बाजारात सोयाबीनचा सौदा होतो तसाच तो. माल समोर असतो, घेणारे चारचौघे असतात, बोली चढते आणि सर्वांत जास्त बोलणाऱ्याला माल मिळतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते. घेणाऱ्यांचा क्रम ठरलेला असतो आणि भावही बहुतेक ठरलेला असतो. ज्याची पाळी त्याने नाव सांगायचे. नाव सांगितले की तो खेळाडू त्या संघाचा झाला, बाकीच्यांनी त्याच्याशी बोलायचे नाही.

ही पद्धत अमेरिकेतली. तिथल्या फुटबॉलमध्ये ती १९३६ साली आली आणि बेसबॉलमध्ये १९६५ साली. शाळा-कॉलेजात हौशी म्हणून खेळणाऱ्या मुलांना व्यावसायिक संघांनी कसे घ्यावे, याची ही व्यवस्था. आदल्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याने सर्वांत आधी निवड करायची, हे तिचे मूळ सूत्र. यामागचे जाहीर कारण उदात्त होते : श्रीमंत संघांनीच सगळी चांगली मुले पळवू नयेत, स्पर्धेत तोल राहावा. दुसरे कारण तेवढ्या मोठ्याने सांगितले जात नसे, पण ते आकड्यांत दिसते. १९६४ मध्ये रिक रायकार्ट नावाच्या कॉलेजकुमाराला संघांच्या चढाओढीत २ लाख ५ हजार डॉलर मिळाले. पुढच्याच वर्षी ड्राफ्ट आला. त्यात सर्वांत पहिले नाव रिक मंडे याचे पुकारले गेले. त्याला मिळाले सुमारे एक लाख डॉलर. एका वर्षात मुले निम्म्या गुणवत्तेची झाली नव्हती. फक्त घेणारा एकच उरला होता. बाजार समितीत एकच खरेदीदार उभा राहिला तर भावाचे काय होते, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला मी सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडेही हा प्रयोग खो-खोच्या आधी एकदा झाला आहे. २००८ साली आयपीएलच्या पहिल्या हंगामाच्या तोंडावर मोठ्या खेळाडूंचा लिलाव झाला. एकोणीस वर्षांखालील संघातल्या मुलांसाठी मात्र ठरीव रकमेचा ड्राफ्ट ठेवला गेला. दिल्लीच्या संघाची पाळी आली तेव्हा त्यांनी प्रदीप सांगवान या वेगवान गोलंदाजाला घेतले. दिल्लीचाच विराट कोहली बंगळूरकडे गेला. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच ड्राफ्टमधून राजस्थानच्या संघात गेलेल्या रवींद्र जडेजाला दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याच्या कारणावरून २०१० च्या हंगामात बाहेर बसावे लागले. त्याच्यावरची ती कारवाई नियमाप्रमाणेच झाली असेल. पण या एका उदाहरणावरून ड्राफ्टचा स्वभाव कळतो : निवडला गेलेला मुलगा आपला भाव दुसरीकडे विचारू शकत नाही.

याउलट लिलावाचे बघा. प्रो कबड्डीच्या २०१४ मधल्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला १२ लाख ८० हजार रुपये मिळाले होते. २०२३ मध्ये पवन सेहरावतची बोली २ कोटी ६० लाखांच्या पुढे गेली. खेळ तोच, मॅट तोच, नऊ वर्षांत भाव वीसपट. आपल्या तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ साली एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकून आला आणि त्याच फेब्रुवारीत चेन्नईने त्याला दीड कोटीला घेतले. त्याची मूळ किंमत ३० लाख होती. ठरीव रकमेचा ड्राफ्ट असता तर तीस लाखांवर गाडी थांबली असती.

म्हणून ड्राफ्ट वाईट आणि लिलाव चांगला, असे मात्र मी म्हणणार नाही. लिलावात वरच्या पाचांचे भले होते आणि खालच्या पन्नासांचे हाल. देशाच्या डोळ्यांदेखत ‘कोणी घेतले नाही’ असे जाहीर होणे हा विशीतल्या मुलाला बसणारा लहान घाव नव्हे. ड्राफ्टमध्ये शेवटच्या गटातल्या मुलालाही एक लाख ठरलेले असतात. शेतमालाच्या हमीभावासारखेच हे आहे. फक्त हमीभावाला खालची मर्यादा असते, वरची नसते; इथे दोन्ही एकच आहेत. नवा खेळ, नवे मालक, प्रेक्षक अजून जमायचा आहे, अशा वेळी ठरीव रकमेने सुरुवात करणे शहाणपणाचेही असेल. मुद्दा एवढाच की, भावावरचा हक्क सोडणाऱ्या मुलाला त्या बदल्यात दुसरे काय मिळते, ते विचारले पाहिजे.

आपला याद्यांचा मुलूख

खरे तर नांदेड-लातूरकरांना हा विषय परका वाटू नये. याद्यांवर जगणारा मुलूख आहे आपला. ऐंशीच्या दशकापासून ‘लातूर पॅटर्न’ने गुणवत्ता यादी हेच गावाचे वैभव मानले. लातूर १९८२ साली जिल्हा झाला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रभरचे पालक ट्रंका घेऊन इथे उतरू लागले. मग नांदेडनेही तीच वाट धरली. बारावी, सीईटी, आता नीट. निकालाच्या दिवशी चौकाचौकांत फलक लागतात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना मापून, क्रम लावून, पुढे पाठवण्याचे काम आपण जितके केले तितके क्वचितच कुणी केले असेल.

पण प्रवेशाची यादी आणि खेळाडूंचा ड्राफ्ट यांत एक मूलभूत उलटापालट आहे. वैद्यकीय प्रवेशात पहिल्या क्रमांकाच्या मुलाला निवडीचा अधिकार असतो. कॉलेजांची नावे समोर असतात, तो पसंतीक्रम भरतो. मुंबई नको, संभाजीनगर हवे असे म्हणू शकतो. ड्राफ्टमध्ये निवडीचा अधिकार कॉलेजाला, म्हणजे संघाला असतो. पहिल्या क्रमांकाचा मुलगा जितका गुणी तितका त्याच्यावर पहिला हक्क सांगणारा दुसराच कुणी. शिवाय नीटच्या यादीला उत्तरतालिका असते. एक गुण कमी पडला तर मूल आणि त्याचा बाप तो कुठे कापला गेला, हे शोधू शकतात. ड्राफ्टमध्ये अमुक मुलगा पाच लाखांच्या गटात का आणि तमुक दीड लाखाच्या गटात का, याची उत्तरपत्रिका कोणापुढे येत नाही.

आणि यादी करणारे चुकतात. ते वाईट असतात म्हणून नव्हे. उमलत्या मुलाच्या अंगात पुढे काय भरणार आहे, हे कोणालाच दिसत नाही म्हणून. अमेरिकेत माइक पियाझा नावाच्या खेळाडूला १९८८ च्या ड्राफ्टमध्ये ६२व्या फेरीत, १३९० वा म्हणून घेतले गेले. २०१६ मध्ये बेसबॉलच्या सर्वोच्च मानाच्या दालनात त्याचे नाव लागले. पण पियाझाची गोष्ट सांगताना सावध राहावे. त्याच्या आधी आणि नंतर निवडली गेलेली बहुसंख्य मुले मुख्य स्पर्धेपर्यंत कधी पोचलीच नाहीत. खालच्या दर्जाच्या स्पर्धांत, बसने गावोगाव हिंडत, तुटपुंज्या पगारावर त्यांची वर्षे गेली. त्या वेतनाबद्दल खेळाडूंनी खटला भरला आणि २०२२ मध्ये १८ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड झाली. २०२३ मध्ये या खालच्या स्तरातल्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला. ड्राफ्ट सुरू झाल्यापासून हे होईपर्यंत ५८ वर्षे लागली. आपल्यालाही इतकी वर्षे थांबायचे आहे काय?

नोकरीकडून कराराकडे

माझ्या पिढीने खेळाडू पाहिले ते नोकरीतले. कबड्डीच्या मैदानावर रेल्वे, एअर इंडिया, महिंद्र यांचे संघ उतरत. बँकांमध्येही खेळाडू म्हणून भरती झालेले लोक असत. दुपारनंतर त्यांना सरावासाठी सवलत मिळे. बाकीचे कर्मचारी कुरकुरत, पण बँकेने ढाल जिंकून आणली की साहेबांसकट सगळे फोटोत उभे राहत. तो खेळाडू पस्तिशीत मैदान सोडून काउंटरवर बसायचा, खाती शिकायचा, पदोन्नती घ्यायचा आणि साठाव्या वर्षी फंड घेऊन घरी जायचा. खेळाने त्याला श्रीमंत केले नाही, पण त्याच्या गुडघ्याने दगा दिला म्हणून त्याच्या घरची चूल थांबली नाही.

ती व्यवस्था आता आकसली आहे. रेल्वेसारख्या ठिकाणी खेळाडूंची भरती अजून आहे, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. मराठवाड्यातला बाप मुलाला मैदानावर पाठवतो तो बहुतेक वेळा या प्रमाणपत्राच्या आशेने, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण नव्याने जे येते आहे ते नोकरी नव्हे, करार आहे. नोकरीत पगार कमी आणि मुदत लांब. करारात रक्कम डोळ्यांत भरणारी आणि मुदत आखूड. एक लाखाची रक्कम बावीस दिवसांत मिळते तेव्हा मोठी वाटते. तीच बारा महिन्यांवर पसरली तर महिन्याला आठ हजार तीनशे होते, आणि पुढच्या वर्षी स्पर्धा होईलच याची खात्री नसेल तर त्याहून कमी. खो-खोचा पहिला हंगाम सप्टेंबर २०२२ मध्ये संपला. दुसरा कटकला डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. मध्ये पंधरा महिन्यांहून अधिक काळ गेला. शेतकऱ्याचा खरीप गेला तर तो रब्बीकडे बघतो. पावसाचे वेळापत्रक त्याच्या हातात नसते. इथे वेळापत्रक माणसांच्या हातात असते, तरीही पुढचा हंगाम कधी, ते खेळाडूला आधी कळत नाही. बँकेत असताना मी अशा उत्पन्नावर कर्ज मंजूर केले नसते. मुलाला मात्र आपण त्याच्या भरवशावर बारावीचे वर्ष सोडू देतो.

दुसरी गोष्ट वयाची. या निवडींमध्ये कनिष्ठ महाविद्यालयाच्या वयाची मुलेही असतात. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात सांगून टाकले. बँकेच्या परीक्षेत हा खटला आम्हाला पाठ करावा लागे. वाचकांना वाटेल, हे तर मुलाच्या बाजूचेच झाले. तसे नाही. मुंबई उच्च न्यायालयासमोर १९४० च्या दशकात राज राणी विरुद्ध प्रेम अदीब हा खटला आला. अल्पवयीन मुलीच्या वतीने वडिलांनी चित्रपटात काम करण्याचा करार केला होता. काम दिले गेले नाही म्हणून दावा झाला. करारच वैध नाही, तेव्हा भरपाई मागता येणार नाही, असा निकाल लागला. म्हणजे ज्या कायद्याने मुलाला वाचवायचे, त्याच कायद्याने त्याचे हात रिकामे राहू शकतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या बापाने इंग्रजी कागदावर जिथे खूण केली आहे तिथे सही करण्यापूर्वी हे कुणीतरी त्याला समजावून सांगायला हवे.

जी यादीत कधीच नव्हती

मराठवाड्यातल्या खो-खोचे नाव देशात ज्यांनी नेले त्यांत मुली पुढे आहेत, ही गोष्ट या सगळ्या उत्साहात विसरली जाते. आपल्या शेजारच्या धाराशिवची सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कर्णधार होती; २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. दिल्लीत जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत अंतिम सामन्यात भारताने नेपाळला हरवले. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. प्रतीक लीगमध्ये तेलुगू संघाकडून खेळलेला. पण २०२२ च्या त्या १४३ नावांत मुलगी एकही नव्हती. ती पुरुषांची लीग होती. विश्वचषक दोघांनी आणला, भाव मात्र एकालाच लागला होता.

क्रिकेटमध्येही मुलींना २०२३ पर्यंत वाट पाहावी लागली. मग पहिल्याच लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख मिळाले. बाजार नाही म्हणून मुली नाहीत, हे म्हणणे त्या दिवशी खोटे ठरले. आणि आपल्याकडच्या मुलीला पैशाचा अर्थ वेगळा असतो. अहमदपूर, मुखेड, किनवटच्या बाजूची एखादी मुलगी राज्यपातळीवर खेळत असते, तेव्हा घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात. प्रमाणपत्र दाखवून ती बोलणी वर्षभर पुढे ढकलता येतात. तिच्या नावे बँकेत लाखभर रुपये जमा झाले तर कदाचित तीन वर्षे पुढे ढकलता येतील. मुलाला ड्राफ्टने पैसे मिळतात. मुलीला त्यातून वय मिळेल.

आणखी एक माणूस कोणत्याच यादीत नसतो. तो म्हणजे शाळेतला खेळाचा शिक्षक. हा मुलगा पाचवीत असताना त्याचे पाय ज्याने ओळखले, खांबाला वळसा घालताना खांदा कसा झुकवायचा हे ज्याने शिकवले, तालुक्याच्या स्पर्धेला स्वतःच्या खिशातून वडापाव खाऊ घालून नेले, विभागीय सामन्याला एसटीचे सवलतपत्र मिळवले. खो-खो गरिबांच्या शाळांत वाढला, कारण त्याला दोन खांब आणि मोकळी जागा याशिवाय काही लागत नाही. पण त्याला शिक्षक लागतोच. पुढे संघ येतात आणि तयार मुलगा उचलतात. जगाच्या फुटबॉलमध्ये याला उत्तर शोधले आहे. करार चालू असलेला खेळाडू मोठी रक्कम मोजून दुसऱ्या संघात गेला की त्या रकमेतला पाच टक्के हिस्सा, तो बारा ते तेवीस वर्षांचा असताना ज्या संस्थांनी त्याला घडवले, त्यांच्यात वाटला जातो. आपल्याकडे निवडलेल्या प्रत्येक खेळाडूमागे संघाने एक ठरावीक रक्कम त्याच्या शाळेला किंवा मंडळाला द्यावी, खेळाडूच्या पैशाला हात न लावता. एक लाखावर पाच हजार हा संघाच्या ताळेबंदात दिसणारही नाही असा आकडा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यातून मैदान आखले जाईल, दोन चांगले खांब रोवले जातील, चेंगरलेल्या बोटांना लावायची औषधाची पेटी येईल.

मागायचे काय?

आता मागण्यांकडे. त्या फार नाहीत. पहिली : करार मराठीत, किंवा ज्याची जी भाषा तीत, सहीपूर्वी किमान आठ दिवस हातात. दुसरी : गट कसे पाडले, ते निकष जाहीर. तिसरी : विमा केवळ स्पर्धेच्या दिवसांपुरता नको. गुडघा सामन्यात दुखावतो, शस्त्रक्रिया चार महिन्यांनी होते. चौथी : शिक्षण. अमेरिकेतल्या बेसबॉल संघांकडून करार करतानाच कॉलेजच्या खर्चाची हमी घेता येते. खेळ सोडल्यावर मुलगा त्या पैशांतून शिकतो. तिथला शाळकरी मुलगा संघाला ‘तुमची रक्कम पटत नाही, मी आधी कॉलेजात जातो’ असे सांगू शकतो, आणि या एका वाक्यामुळे त्याची रक्कम वाढते. शिक्षण त्याच्यासाठी खेळाचा पर्याय नसून वाटाघाटीतले बळ आहे. लातूर-नांदेडच्या पालकांनी तरी हे ओळखावे. पाचवी : मुलींची यादी. सहावी : शाळेचा वाटा. आणि सातवी, पुढच्या हंगामाची तारीख.

यावर उत्तर येईल ते मला ठाऊक आहे. लीग नवीन आहे, मालकांना अजून नफा दिसत नाही, इतकी ओझी टाकली तर गाडा उलटेल आणि आज मिळणारे लाखभरही जातील. हा युक्तिवाद पोकळ नाही. नव्या उद्योगाला सवलत द्यावी लागते, हे कर्जवाटप केलेल्या माणसाला सांगायला नको. पण बँक नव्या कारखान्याला हप्ते सुरू करण्यासाठी मुदत देते, हप्ते माफ करत नाही. आणि कागदपत्रांत तर पहिल्या दिवसापासून सवलत नसते. वरच्या सातांपैकी तीन गोष्टींना जवळपास काहीच खर्च नाही : करार मराठीत देणे, निकष जाहीर करणे आणि तारीख सांगणे. त्या उद्यापासून होऊ शकतात. विमा, शिक्षण आणि शाळेचा वाटा दोन-तीन हंगामांत टप्प्याटप्प्याने यावा. मुलींच्या बाबतीत मात्र मी मुदत देणार नाही. त्यांनी ती आधीच भरपूर दिली आहे.

सरकारलाही यात जागा आहे. ओडिशाच्या संघामागे तिथले सरकार उभे राहिले. राष्ट्रीय स्पर्धांमध्ये वर्षानुवर्षे वर्चस्व गाजवणाऱ्या महाराष्ट्राने निदान एवढे करावे की, प्रत्येक जिल्हा क्रीडा कार्यालयात असा करार आलेल्या खेळाडूला तो वाचून दाखवणारा, कायदा जाणणारा एक माणूस ठरलेल्या वारी बसेल. कर कापला गेला तर विवरणपत्र भरून तो परत कसा मिळवायचा, रकमेतले किती मुदत ठेवीत टाकायचे, मोटारसायकल आधी की विहिरीचे कर्ज आधी, हेही तिथे सांगावे. निवृत्त बँकवाले आणि वकील या भागात भरपूर आहेत. सकाळी नाना-नानी पार्कात राजकारणावर बोलून झाले की आमच्याकडे दुसरे काम नसते. बोलावले तर आनंदाने येऊ.

तोवर जे आपल्या हातात आहे ते करावे. पुढच्या ड्राफ्टमध्ये आपल्या गावच्या एखाद्या पोराचे नाव येईलच. बसस्टँडसमोर त्याचा फलक लागेल, आमदारांच्या हस्ते शाल-श्रीफळ होईल, हलगी वाजेल. वाजू द्यावी. त्या गर्दीत त्याचा बाप बावरलेला, हात जोडून उभा असेल. सत्कार आटोपला की गावातल्या एखाद्या जाणत्याने त्याला बाजूला घ्यावे, घरून तो कागद आणायला सांगावा आणि शेवटच्या पानापर्यंत त्याच्याबरोबर बसून वाचावा.